स्थळपाहणी

हुडकेश्वरच्या पुढे, ले-आउटच्या शेवटच्या दगडापाशी
स्कूटी लावली. सकाळचे सात,
आणि ऊन आधीच अंगावर आलेलं.
फॉर्मवर पहिला प्रश्न ठळक टाइपात:
जागेवर पाणी आहे काय? होय / नाही.

पाणी नव्हतं.
एप्रिल होता. काळ्या मातीला भेगा,
एकीत पेन्सिल सोडली तर दोन बोटं वर उरली.
एजंट म्हणाला, मॅडम, काय पाहता आता,
चहा घ्या.

पुस्तकलाबाई मारबते बांधावर उकिडवी बसली होती.
या बोडीतल्या शिंगाड्याचा ठेका
तिच्या सासऱ्याकडे होता, कधीकाळी.
पाणी कुठवर यायचं, मी विचारलं.
"पान्याले काय पुसता, थे तं जाते-येते.
झाडायले पुसा. थे इथंच रायतात."

पीव्हीसी पाइपाची चौकट, मीटरभर, जमिनीवर टाकली.
लव्हाळा.
दांडी चिमटीत फिरवली, तीन धारा बोटांना लागल्या.
वहीत खूण करणार, तर तिनं मनगट धरलं.
"लव्हाळा तं माह्या वावरातही येते.
एकट्याचं आयकू नका."

मग तालीमखाना, वाळून काड्या झालेला,
काटे मात्र शाबूत, माझ्या सलवारीत अडकून बसलेले.
याला चार महिने पाय पाण्यात लागतात,
नंतर कोरडं चालतं.
मग देवधानाचं पिवळं गवत, दाणा एक नाही;
पिकलं की कुणाच्या सुपाची वाट न पाहता गळून जातं.
मग शिंगाड्याचं टरफल, काळं, दोन शिंगांचं.
ते ती खूप वेळ हातात धरून होती.
मी चौकट उचलून पुढे गेले.

कोपऱ्यात पाणकणीस, पुरुषभर उंच, हिरवंगार.
मी खूश. एजंट हसला:
ते गटाराचं आहे मॅडम, नव्या सोसायटीच्या.
मी तिच्याकडे पाहिलं.
"खरं सांगून रायला थो," ती म्हणाली. "हे मागून आलं."
खोडलं.

सातव्या चौकटीत काहीच नव्हतं, नुसती माती.
तिथं तिनं खुरपं घातलं, कोपरापर्यंत हात,
आणि सुपारीएवढा कंद काढला. गाद.
पदराला पुसला, दातानं तोडला,
अर्धा मला दिला.
आत पांढरा. करकरीत. ओला.
होय / नाही, मी चावत विचार केला.

(बेसा रोडला माझ्या फ्लॅटखाली, पार्किंगच्या फटीत,
दर वर्षी एक काटेरी रोप उगवतं, निळ्या फुलांचं.
वॉचमन उपटतो.
सहा वर्षं राहतेय मी तिथं. नाव आज कळलं.)

जिथं रुई सुरू झाली तिथं बोडी संपली.
रुईपासून रुईपर्यंत आम्ही फक्की टाकत चाललो.
नकाशावरच्या सगळ्या रेषा सरळ होत्या,
आमची विळ्यासारखी वाकली,
आणि प्लॉट अठ्ठावीस ते एकेचाळीस तिच्या पोटात गेले.
एजंटानं फोन लावला. पलीकडून कुणी उचलला नाही,
की उचलून बोललं नाही, कळेना.

शेवटचा रकाना: वनस्पती ओळखणाऱ्याचे नाव व पदनाम.
नाव मी लिहिलं.
पदनाम?
"धीवर लिवा," ती म्हणाली. "अन् सही नाही येत मले."
शाईचा डबा पिशवीत होता, उन्हानं वाळून खडखडीत.

ती उठली. नालीच्या काठचा माका खुडला,
पानं अंगठ्यावर चोळली,
आणि कागदावर दाबला.
ठसा हिरवा उमटला, जेमतेम दिसेलसा.
थांबा जरा, ती म्हणाली.

आम्ही दोघी कागदावर वाकून उभ्या राहिलो,
एजंटही आला मागून पाहायला,
आणि वाऱ्यावर, बघता बघता,
एक एक रेघ
काळी पडत गेली.